शेजाऱ्याच्या प्लेटचे चार कोपरे

राजाजीनगरच्या आमच्या गल्लीत घरांपुढे उघडी गटारं आहेत. फाटकातून गाडी बाहेर काढायची तर दोन्ही चाकांखाली एकेक लोखंडी प्लेट टाकावी लागते. शेजाऱ्याची आमच्याकडची प्लेट चार इंच आमच्या हद्दीत होती, आणि तिचे कोपरे कापले तसेच धारदार. सकाळी रांगोळी काढताना बायको दोन पावलं मागे सरकली, पाय गटारात गेला आणि त्या कोपऱ्याने तिची पोटरी फाटली. सात टाके पडले.

शेजारी गाडी पुसत होता. आपल्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाला, "अक्का, स्वल्प बघून चालायचं ना."

त्याने बायकोपुढे उभं राहून 'चूक झाली' म्हणावं, एवढंच मला हवं होतं. दहा दिवस वाट पाहिली. मग रविवारी त्याच्याकडे गेलो आणि म्हटलं, "प्लेट द्या, कोपरे गोल करून देतो."

तो खूश झाला. फुकटात काम होतंय म्हणून प्लेट उचलायलाही धावला. चौतीस किलोची प्लेट आम्ही दोघांनी माझ्या गॅरेजमधल्या टेबलावर ठेवली. आपली गाडी अजून फाटकाच्या आतच आहे, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. माझ्या आलं होतं.

ग्राइंडरने चारही कोपरे तासाभरात झाले असते. मी कानस घेतली. आठ मिलिमीटर जाडीचं लोखंड, वीस मिलिमीटरची गोलाई, खडूने आखून. रोज चाळीस मिनिटं, एका मिनिटानेही जास्त नाही. हिशेबाने एका कोपऱ्याला दोन संध्याकाळी. बेळ्ळंदूरच्या ऑफिसातून तो आठच्या सुमारास परततो, म्हणून मी पावणेआठला सुरू करायचो. कानशीचा आवाज त्याला ऐकू जायला हवा होता.

सोमवारी त्याने गटारावर दोन फळ्या टाकून पाहिल्या. पुढचं चाक चढताच त्या कडाडल्या. मंगळवारी तो घामाघूम होऊन दारात उभा राहिला.

"अण्णा, आयता? झालं का?"

"एक कोपरा झाला. दुसऱ्याला हात लावलाय."

"आज दोन बस बदलून आलो. ते भिंतीवरचं मशीन चालत नाही का?"

"चालतं. पण मला हाताने करायचंय."

त्याने मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कानस झटकली. खरं सांगतो, त्या चार रात्री मला फार छान झोप लागली.

गुरुवारी तो आला तेव्हा तिसरा कोपरा निम्मा झाला होता. आवाज खाली आणून त्याने विचारलं, "अण्णा, माझं काही चुकलं का?"

"मला नका विचारू. आत जाऊन विचारा."

तो चपला काढून आत गेला. मी हात थांबवून ऐकू लागलो.

"अक्का, सॉरी. त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं. पाय बरा आहे ना आता?"

"कोणता पाय?" बायकोने विचारलं.

"तोच... लागलेला," तो म्हणाला.

"कोणता, ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?"

त्याला ठाऊक नव्हतं. मी कानस उचलली. अजून दीड कोपरा बाकी होता.