शेंगांच्या अडतीवरची वर्गणी

खजुरीपासून आळंदपर्यंत लोक ज्याला बघून रस्ता बदलतात असा एकच सज्जन माणूस आहे आणि तो माझा थोरला मामा आहे. मामाची शेंगांची अडत. त्याच्या धोतराच्या घडीतसुद्धा फोलं सापडायची. आणि हा माणूस वर्गणी कशासाठी मागतो, तर शेंगदाण्यानं ज्यांचा घसा सुजतो, श्वास कोंडतो, अशांवर उपाय शोधणाऱ्या बेंगळुरूच्या एका इस्पितळासाठी! कारण घरातच आहे. त्याच्या नातीनं लहानपणी चटणीचं बोट चाटलं आणि दवाखाना गाठेपर्यंत पोर निळी पडली. "अण्णा, शेंगा इकायलाव आन् शेंगांवरच वर्गणी मागायलाव?" असं कुणी चिडवलं की मामा शांतपणे विचारतो, "तंबाखू इकणाऱ्यानं खोकल्याच्या औषधाला पैसे द्यायचे न्हाईत व्हय?"

त्याच्या वरच्या खिशात चष्म्याशेजारी नातीसाठीचं इंजेक्शन कायम असतं. लग्नात गेला की नवरा-नवरीच्या आधी तो आचाऱ्याला भेटतो आणि पळ्या हुंगतो. मयतीला गेला तरी सांत्वन आटोपून विषय हळूच ॲलर्जीवर आणतो. पावती मात्र दारातच फाडतो, कारण आत गेलं की चिवडा येतो.

परवा गावच्या मठात या वर्गणीच्या देणगीदारांना जेवण होतं. "शेंगा घालायच्या न्हाईत," असं मामानं आचाऱ्याला दहादा बजावलं होतं. त्यानंही भाजीत, आमटीत दाणा पडू दिला नाही. पण एवढे दाते आलेले, त्यांचा मान राखायला नको का, म्हणून त्यानं आपल्या मनानं गोडाला शेंगापोळ्या केल्या! आमच्याकडे त्याशिवाय मान होतच नाही. वर म्हणतो कसा, "शेंगा कुटं घातल्या? पोळ्या केल्यात की."

नात नवा फ्रॉक घालून आली होती. जन्मात पहिल्यांदा ती पंगतीत बसणार होती. वास आला तशी दारातच थांबली आणि म्हणाली, "आजोबा, तुमी जेवा. मी भायेरच बसते."

मामा कुणावर ओरडला नाही. दात्यांना हात जोडून "सावकाश होऊ द्या" म्हणाला आणि घरून तिचा डबा घेऊन आला. मी बोलवायला गेलो, तेव्हा दोघं मठाच्या पायरीवर बसले होते.

"औषध माज्या हयातीत निघतंय का न्हाई, कुणाला ठावं," मामा म्हणाला. "पर हिला पंगतीत बसलेलं बगायचं हुतं रे."

एवढं बोलेपर्यंत मामानं डब्यातली भाकरी मोडून तिच्यापुढं धरली होती आणि आतल्या वाढप्यांसारखाच मोठ्यानं आग्रह करत होता, "घ्या की पाव्हणे, लाजू नगा. अजून एक घ्या."