राईच्या दगडापाशी ठेवलेल्या चपला

बायको गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं दारात मटार सोलत बसलो होतो. ती म्हणाली, "ते देवराईतल्या आजोबांचं सांगा ना परत." दहा वेळा सांगून झालं होतं, तरी सांगितलं. नोकरीतल्या बाकी केसेस पुसट झाल्या. ही नाही झाली.

मी सातवी पास, शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो. तेव्हा पेठकडच्या डोंगरातल्या एका ठाण्यात होतो. सकाळी हजेरी चालू असताना नाशिकचे तिघे भाऊ धापा टाकत आले. घरातले तेवीस जण बऱ्याच वर्षांनी एकत्र जमलेले. जुनी देवराई आहे, तिला लागून तंबू ठोकलेले. सकाळी सगळ्यांचा फोटो काढायला उभे राहिले, तर वडील नाहीत. वय पंच्याहत्तर, साखरेचा त्रास, इन्सुलिनची वेळ टळून गेलेली. मिसिंग दाखल केली आणि दोन शिपाई घेऊन निघालो.

"राईत बघितलं का?" मी विचारलं.

थोरला म्हणाला, "बाबा देव मानत नाहीत, साहेब. तिकडे कशाला जातील?"

मी ऐकलं. चूक केली. नदी पालथी घातली, रस्ता पालथा घातला.

दुपारी पोलीस पाटलाचा फोन आला. "साहेब, पाड्यावरच्या एका गड्याच्या घरात शहरी चपला हायेत." गड्याला तंबूपाशी आणलं. थोरल्यानं चपला ओळखल्या आणि अंगावरच धावला. "साहेब, दोन ठेवून द्या याला. आपोआप बोलेल." खोटं कशाला सांगू, माझाही हात वर गेला होता.

गडी म्हणाला, "राईच्या दगडापाशी व्हत्या सायेब. त्याच्या म्होरं कोनी जोडं घालून जात नाय. सकाळी दिसल्या, कुत्रा ओढून नेल म्हून उचलल्या. सांजंला देनार व्हतो."

हात खाली घेतला. "चपलांची टोकं कोणीकडे होती?"

"राईकडं."

म्हणजे माणूस आत गेला होता आणि बाहेर आला नव्हता. मी पोरांकडे वळलो. "शेवटचं कुणी पाहिलं त्यांना?"

"रात्री जेवताना. मग मधल्याच्या तंबूत झोपले," थोरला म्हणाला.

"माझ्या? मला वाटलं धाकट्याकडे आहेत."

"माझ्याकडे नव्हते," धाकटा म्हणाला.

दगडापाशी गड्यानं आमच्या पायांकडे बोट केलं. वर्दीवर अनवाणी चाललो, आयुष्यात पहिल्यांदाच. दोघांच्या कवेत न येणारी झाडं, भर दुपारी आत अंधारलेलं. एका बुंध्याला टेकून आजोबा बसले होते. पाय सुजलेला, ओठ कोरडे पडलेले. मला बघून म्हणाले, "लय उशीर केलात. इथली रीत म्हणून चपला बाहेर ठेवल्या होत्या की. म्हटलं, कुणीतरी बघेल."

"रात्री कुठे होतात?"

"गाडीत. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. उजाडल्यावर फिरायला आलो नि पाय मुरगळला. हाका मारल्या. नंतर आवाजच निघेना."

गड्यानंच त्यांना पाठीवर घेऊन बाहेर आणलं. आजोबा वाचले.

घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "त्या पोरांना दोन शब्द सुनावलेत का?"

"ते माझं काम नाही."

"मग कुणाचं?"

गड्याची माफी मागितली होती, तेवढं तरी बरं केलं. पंचनाम्याआधी जागेवरची वस्तू हलवू नये, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. वस्तू हलली की माणसाचा माग तुटतो. गड्याला हे कोण शिकवणार? त्यानं भल्यासाठीच उचलल्या होत्या. आणि तेवीस माणसांतही एक माणूस कुणाच्याच तंबूत नसतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

त्या मटारच्या दिवशी बायको म्हणाली होती, "मी गेले की तुम्हीही असेच बसाल कुठेतरी."

"काहीतरी बोलू नको. शेंगा सोल."

दुसऱ्या दिवशी तिला स्ट्रेचरवरून नेलं, अनवाणी. परत घरी आणलं ते अंत्यविधीसाठीच. तिच्या चपला दारात तशाच राहिल्या, टोकं रस्त्याकडे.

अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणी आवराआवर करत होती. चपला हातात घेऊन म्हणाली, "भाऊजी, या देऊन टाकते कुणाला."

"ठेव जागेवर."

तिनं ठेवल्या. ती आत गेल्यावर मी खाली बसलो आणि दोन्ही चपला जोडीनं लावल्या. टोकं घराकडे.