पदराकडे जाणारा हात

अठ्ठावीस ऑक्टोबर. भाकरी थापायच्या होत्या, दहा. खाण्यासाठी आठ पुरल्या असत्या. दहा लागणार होत्या त्या यंत्रमानवाला शिकवण्यासाठी.

धाकट्या जावेच्या कपाळाला मी पट्टा बांधला. पट्ट्यात काडेपेटीएवढा कॅमेरा. ती बघेल तिथे तो बघायचा: परात, पीठ, तिचे दोन हात, तवा. हे काम केजच्या एका छोट्या केंद्रातून आमच्या गावात आलं होतं. तिथल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. आताचे रोबोट चालतात, पळतात, कोलांटीही मारतात, पण लुगड्याची घडी घाल म्हटलं की अडतात. माणसाचे हात काम कसं करतात ते पुन्हा पुन्हा बघितल्याशिवाय त्यांना जमत नाही. म्हणून ठिकठिकाणी माणसांच्या कपाळावर कॅमेरे बांधून घरकाम टिपलं जातंय. कुणाकडे धुणं, कुणाकडे भांडी. आमच्या वाट्याला भाकरी आली.

गावात हे काम करणाऱ्या बायकांच्या गटाची प्रमुख मी होते, पण माझे हात त्यांना चालत नव्हते. ऊसतोडीत डाव्या हाताची दोन बोटं गेली आहेत. "तुमच्याकडून शिकला तर रोबोटही तीनच बोटं वापरेल," मॅडम म्हणाल्या. खरं होतं, मला राग आला नाही. पट्टे बांधायचे, चित्रीकरण तपासायचं, कॅमेऱ्यातलं कार्ड केजला पोचवायचं, एवढं माझं काम.

जावेचं मात्र सगळं या कामावर अडलं होतं. तिला सातवा महिना होता. आदल्या वर्षी ती उसाच्या फडातच बाळंत झाली होती, वाळल्या पाल्यावर, पाचटावर. मूल एक दिवस राहिलं. आमच्याकडे ऊस तोडायला नवरा-बायको जोडीनं जातात आणि त्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला टोळीत जागा नसते. दिरानं टोळी नेणाऱ्या मुकादमाला एका कोयत्याचा शब्द दिला होता. केंद्राचं काम पक्कं झालं तर तो शब्द मागे घेणार होता. नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर निघणार होता आणि ती त्यात बसणार होती.

काम पक्कं होत आलं होतं. पण चार दिवसांपूर्वी मॅडमनी आम्हा दोघींना केजला बोलावून एक व्हिडिओ दाखवला. टेबलाला जोडलेले दोन लोखंडी हात. त्यांनी पिठाचा गोळा घेतला, परातीत ठेवला आणि थापायला लागले. भाकरी बऱ्यापैकी गोल होत होती. मधेच उजवा हात थांबला. पिठासकट वर गेला, जिथे डोकंच नव्हतं तिथे, आणि काहीतरी पुढे ओढून परत खाली आला. थोडं थापलं. पुन्हा वर.

"हे काय करतोय तो?" मॅडमनी विचारलं.

जाव म्हणाली, "पदर घेतोय."

"कशासाठी?"

"सासरा आला आसंल त्याचा."

आम्ही दोघी हसलो. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी जावेचं सगळं चित्रीकरण रद्द झाल्याचं सांगितलं. आमच्या घरात सासरे ओसरीवर बसतात. ते खोकले, उठले, आत डोकावले की तिचा हात आपोआप पदराकडे जायचा. कधी पदर कॅमेऱ्यावर येऊन सगळं काळं व्हायचं. मी तपासताना भाकरी बघत होते, हाताकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. माझाही हात तसाच जातो, मला काय दिसणार? चूक माझी होती.

अठ्ठावीसच्या संध्याकाळी केंद्र बंद होईपर्यंत दहा स्वच्छ चित्रीकरणं द्यायची, नाही तर या गावाचं काम बंद, असं वरून आलं होतं.

पहिली भाकरी अर्ध्यावर आली आणि सासरे खोकले. हात वर. मी पदर कमरेला खोचून पिन लावली. दुसऱ्या वेळी पदर नव्हता, तरी हात वर गेला आणि मोकळ्या डोक्यावर पिठाचे डाग पाडून आला. मी सासऱ्यांना गोठ्यात बसवलं. ते गोठ्यात खोकले, हिचा हात चुलीपाशी वर.

"आगं, ते तिकडं हायेत की!"

"मला ठावं हाय, आक्का. हाताला ठावं न्हाई."

मग मी सासऱ्यांना युसूफ वडगावला नणंदेकडे जायला सांगितलं.

"माझ्याच घरातून मला हाकलती का?"

"हाकलत न्हाई मामा. लेकीकडं जावा, तिथं पोटभर खोका."

त्यांनी काठी घेतली. जाताना दारात थांबले आणि आयुष्यात पहिल्यांदा धाकट्या सुनेशी थेट बोलले. "पोरी, माझ्याकडून मोकळीक हाय. डोस्क्यावर घिऊ नगंस." ते हे म्हणत होते तेव्हाही तिचा हात वर गेलेला होता.

त्यांना घेऊन जीप गेली आणि घर शांत झालं. मी दार लोटून घेतलं. एकामागून एक भाकऱ्या झाल्या. तिच्या कमरेत कळ यायची, ती भिंतीला टेकायची, पुन्हा बसायची. चार वाजेपर्यंत नऊ झाल्या. दहावी परातीत होती, कड नीट सुटत होती, आणि दार उघडून मुकादम आत आला. मुकादम सासऱ्यांचा चुलतभाऊ, म्हणजे तिचा सासराच.

"कोयते मोजतोय. तुमचा एक धरू ना?"

हात वर गेला.

तो बाहेर गेल्यावर आम्ही पुन्हा दोनदा प्रयत्न केला. आता घरात कुणी नव्हतं, दारात कुणी नव्हतं, तरी तिचा हात उठत होता. तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरून ठेवलं. एका हातानं भाकरी होत नाही. पीठही संपलं. मी कार्ड घेऊन शेवटची जीप पकडली.

केजला मॅडमनी कार्ड संगणकात घातलं. तपासणी माणूस करत नाही, यंत्रच करतं. नवांतली दोन त्यानं परत फेकली, हात अर्धा वर गेला होता म्हणून.

"तेवढं कापून टाका की," मी म्हटलं.

"कापलेलं चालत नाही."

"मग दोन दिवस द्या."

"माझ्या हातात असतं तर दिले असते."

"तिला सातवा महिना हाय, मॅडम. तिला उद्या फडावर जावं लागंल."

त्यांनी फोन लावला, इंग्रजीत बोलल्या, ठेवला आणि नकारार्थी मान हलवली. त्यांचे पाय धरावेत असं मनात आलं. धरले नाहीत, कारण पाय धरून यंत्र ऐकणार नव्हतं, हे मला कळत होतं. पट्टा टेबलावर ठेवून निघाले. जीपमध्ये सारखी एकच गोष्ट डोक्यात होती: पाचट, आणि त्यावर ती.

गावात उतरले तेव्हा मुकादम पारावर बसला होता. दीर शेजारी खाली मान घालून.

मी म्हटलं, "आमच्या कोयत्यात तिच्या जागी मला धरा."

"दीर-भावजयीचा कोयता? लोक काय म्हनतील?"

"म्हननाऱ्यानं मोळी उचलायला यावं."

"तुला तीन बोटं."

"तुमच्याच फडात गेलीत दोन. उरलेली कामाची हायेत."

तो हसला आणि वहीत काहीतरी खोडलं. दीर म्हणाला, "वहिनी, तुमचा गुडघा." मी म्हटलं, गुडघा माझा आहे, तू तुझ्या मोळ्या बघ.

घरी जावेला सांगितलं. ती ओरडली, नको म्हणाली, पुन्हा करून बघू म्हणाली. कशावर करून बघणार? तिच्या कपाळावर पट्ट्याचा वळ अजून लाल होता. दुखलं-खुपलं तर लगेच केजच्या दवाखान्यात जा, सासऱ्यांना उद्याच परत बोलावून घे, एवढं बजावलं आणि भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आदल्या दिवसाच्या उरलेल्या वाळक्या भाकरी फडक्यात बांधल्या, नवरा गेल्यापासून छपरात खोचून ठेवलेला कोयता काढला, मुठीला चिंधी गुंडाळली आणि ट्रॉलीत चढून बसले. वाटेत मांजरसुंब्याला ट्रॅक्टर थांबला तेव्हा मी दिराला दोन भाकरी दिल्या, दोन स्वतः खाल्ल्या.