घोंघीचा रकाना

दुर्ग मागे पडलं, भिलाईच्या कारखान्याची धुराडी दिसली आणि मी रेल्वेच्या फळीवरची बॅग खाली काढली.

शेतीच्या नव्या जैविक औषधांमुळे माती, पाणी आणि जीवजंतूंना कितपत धोका आहे, हे कागदावर मांडण्यात माझी, एका औषध कंपनीतल्या रसायनतज्ज्ञाची, नोकरीची सगळी वर्षं गेली. खोडकिडीवरच्या एका औषधाची चाचणी इथल्या धानशेतांत झाली. पुढे शेतकरी ते तिथेच फवारू लागले. आता कळलं, की ते गोगलगायींच्या मांसात साठतं. माझ्या अहवालात गोगलगायीपुढच्या रकान्यात लिहिलेलं होतं : ‘मानवी आहारात नाही.’ हे मी पुण्यात बसून, चहा पिता पिता लिहिलं होतं.

भिलाईच्या पावर हाउस स्टेशनवर शरद आला होता. नागपूरच्या कॉलेजातला मित्र, आता कारखान्यातून निवृत्त.

‘‘अबे, तोंड कावून उतरलं तुहं?’’

त्याच्या स्कूटरवर मागे बसून मी सगळं सांगितलं. त्यानं स्कूटर बाजूला घेतली.

‘‘गोगलगाय, म्हंजे घोंघी? पावसाळ्यात सारेच खाते इकडं. मले विचारलं असतं, त फोनवरच सांगून देलं असतं!’’

मला टोचावं म्हणून तो बोलला नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

तो मला सुपेला भागातल्या बाजारात घेऊन गेला. तिथे फुलबाई नावाची एक बाई टोपलीभर घोंघी (शेतातल्या गोगलगायी) घेऊन बसली होती. कुठल्या, म्हणून विचारलं तर तिनं माझ्या अहवालातल्याच गावाचं नाव घेतलं. त्यांत औषध उतरलंय, विकू नका, खाऊ नका, असं मी हिंदीत सांगितलं. ती समजुतीनं हसली.

‘‘रात भर पानी म राखथन साहेब, सब्बो निकल जाथे.’’ (रात्रभर पाण्यात ठेवतो, सगळं निघून जातं.)

‘‘चिखल निघतो. हे निघत नाही.’’ मी म्हणालो. शरदनं ते तिला तिच्या बोलीत नीट समजावलं.

तिचं हसू मावळलं. ‘‘मोर बहू पेट म हे. ताकत बर रोज खवाथंव.’’ (सून पोटुशी आहे. ताकदीसाठी रोज खाऊ घालते.) मग हळूच, ‘‘अउ जेन खा डारिस?’’ (आणि जे खाऊन झालं?)

मला भयंकर लाज वाटली. तिच्या टोपलीतल्या सगळ्या घोंघी मी तपासणीसाठी विकत घेऊन एका डब्यात भरल्या.

परतीच्या गाडीत त्या डब्याचं झाकण निसटलं. एक गोगलगाय खिडकीच्या कडेनं निवांत चालू लागली. समोरच्या बाई हसल्या. मी गोगलगाय उचलून डब्यात ठेवली आणि अहवालाची प्रत काढली. औषध थांबवा, चूक माझी आहे, असं कंपनीला पत्र लिहिलं. मग ‘मानवी आहारात नाही’ खोडून त्या रकान्यात लिहिलं : ‘फुलबाईची सून. रोज.’