माझी आई आकडा नव्हे

चहा आला. ओंकारला आणि केतकीला चिनी मातीच्या कपात. मला कागदाच्या.

मंगल कार्यालयाच्या मालकानं ट्रेवाल्याला कन्नडातून सांगितलं होतं, "आकिगे पेपर कपन्याग कोडु." तिला कागदी कपात दे. त्याला वाटलं, ही मराठी बोलतेय, हिला काय कळतंय! अहो, मी मंद्रूपची. आमच्या आठवडी बाजारात अर्धं भांडण मराठीत होतं आणि अर्धं कन्नडात. मला सगळं कळलं.

त्याआधी त्यानं माझं आडनाव विचारलं होतं. मग, "मंद्रूपात कुठं?" मी गल्ली सांगितली. गल्ली सांगितली की पुढचं विचारावं लागत नाही. तो गोड हसला आणि कपाची सोय केली.

मी तो चहा प्यायले. केतकीकडं बघितलं. वर्गातली ती माझी एकच मैत्रीण, आम्ही एका डब्यात जेवायचो. तिनं स्वतःचा कप बघितला, माझा बघितला आणि मोबाईल काढला.

आम्ही तिघं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. विषय सिस्टीम ॲनॅलिसिस. विजापूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयाचं सगळं काम कॉम्प्युटरवर आणायचं, हा आमचा प्रोजेक्ट. कार्यालय ओंकारच्या मामाचं. या प्रोजेक्टवर आमची डिग्री अडलेली. घरातनं कॉलेजात गेलेली मी पहिलीच. नापास व्हायची चैन मला परवडणारी नव्हती.

सर शिकवायचे, आधी कामाच्या जागी जा, कोण काय करतं ते डोळ्यांनी बघा, ज्याला त्याला विचारा, मगच कागदावर रेघ मारा. आणि आम्ही? एसीत बसून एकट्या मालकाला विचारत होतो.

मी म्हणाले, "मागं अंगणात जाऊ की. भांडी घासणाऱ्या बायांना विचारू."

"भांडी घासण्याचं कसलं ॲनॅलिसिस?" ओंकार म्हणाला. मामा हसला. केतकीही हसली.

मी एकटीच गेले. तिथं कोण असणार, मला माहीत होतं. लग्नसराईत आमच्या गल्लीतल्या बाया टेम्पोत बसून सोलापूरला भांडी घासायला येतात. आई होतीच. एक मोठं पातेलं आडवं करून अर्धी त्यात शिरलेली. तिनं मान वर केली, मला बघितलं आणि तोंड फिरवलं. शेजारची तानूमावशी काहीतरी बोलणार होती, तर आईनं तिला कोपरानं ढोसलं. आई मला ओळख दाखवत नव्हती. का, तर पोरीबरोबर कॉलेजची माणसं आलीत, त्यांच्यापुढं पोरीची मान खाली नको.

मी तशीच मागं फिरले. सख्खी आई समोर, आणि तिला हाक मारायची चोरी! इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं. आत आले, तर ओंकार म्हणाला, "झालं ॲनॅलिसिस?"

आता आमचं शास्त्र थोडं सांगते, नाहीतर माझ्या तळपायाची आग मस्तकात का गेली ते कळायचं नाही. एखादी गोष्ट कॉम्प्युटरला समजवायची तर तिचा चौकोन काढतात. वरच्या कप्प्यात नाव. मधल्या कप्प्यात तिची माहिती. खालच्या कप्प्यात ती काय काय करते ते. ज्याला स्वतःची ओळख आहे, बाहेरनं निरोप आला तर काय करायचं ते ज्याच्या आत ठरतं, त्याला स्वतःचा चौकोन. बाकी सगळं दुसऱ्याच्या चौकोनातली एक ओळ.

ओंकारनं लॅबमध्ये बसून मालकाचा चौकोन काढला. गिऱ्हाइकाचा काढला. डेकोरेशनवाल्याचा, बँडवाल्याचा. नवरदेवाच्या घोडीचासुद्धा काढला, कारण घोडीचं बुकिंग वेगळं. मग हॉलचा. त्याच्या मधल्या कप्प्यात ओळी होत्या. खुर्च्या. पंखे. जनरेटर. आणि जनरेटरच्या खाली : बाया, इंटिजर.

इंटिजर म्हणजे नुसता आकडा. घोडीला चौकोन आणि माझ्या आईला आकडा!

"बायांचा वेगळा चौकोन काढ," मी म्हणाले.

"त्या काय सिस्टीम वापरणारेत? किती बोलवायच्या तेवढं कळलं की झालं."

"घोडी वापरणारे काय?"

"अगं, किती मनाला लावून घेतेस!" हे केतकीचं. मी गप्प बसले. डिग्री दिसत होती ना समोर.

मॉडेल काढलं की ज्याची सिस्टीम त्याला दाखवून बरोबर-चूक विचारायचं, ही आमच्यातली पद्धत. म्हणून परत कार्यालयात गेलो. या वेळी सरही आले. ज्यानं त्यानं एकेक चौकोन समजावून सांगायचा होता. हॉलचा चौकोन माझ्या वाट्याला दिलेला.

मी उभी राहिले. खुर्च्या वाचल्या. पंखे वाचले. जनरेटर वाचला. पुढची ओळ तोंडातनं निघेना. मागच्या अंगणातनं भांड्यांचा आवाज येत होता.

"वाच की," सर म्हणाले.

"नाही वाचणार. हे चूक आहे."

"काय चूक आहे?"

"या ओळीत माझी आई आहे."

मी मार्कर घेतला आणि बोर्डावर चौकोन काढला. वर लिहिलं, भांडी घासणारी बाई. मध्ये लिहिलं, तिचं नाव, तिचं गाव, ती जेवली की नाही. खाली लिहिलं, येते, घासते, नाही म्हणते. अक्षर वेडंवाकडं आलं, पण आलं.

"भावना बाजूला ठेव," सर म्हणाले. "हे टेक्निकल काम आहे."

"टेक्निकलच बोलतेय, सर. ज्याच्या आत काही ठरतं त्याला चौकोन, हे तुम्हीच शिकवलंय."

ओंकार म्हणाला, "हिनं आधी सांगितलं असतं तर हिला ग्रुपमध्ये..." आणि तिथंच थांबला. पुढचं त्याला सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात चहा आला. सगळ्यांना कप. मला कागद. मी मामाच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, "ब्याड." नको. त्याच्या भाषेत, म्हणजे माझ्याही. मामाचा चेहरा खर्रकन उतरला. पहिल्या दिवसापासनं हिला सगळं कळत होतं, हे त्याला तेव्हा कळलं.

सरांनी मला ग्रुपमधनं काढलं. प्रोजेक्ट पुढच्या वर्षी, एकटीनं. केतकी वर्ष संपेपर्यंत दुसऱ्या बाकावर बसली. माझ्या बाकावर माझी पिशवी असायची आणि मी. जेवणाच्या सुट्टीत एकटीच डबा उघडायचे आणि अर्धी भाकरी तशीच परत न्यायचे. हे खोटं कशाला सांगू!

मामानं टेम्पोवाल्याला सांगून आईचं तिथलं कामही बंद केलं. आई माझ्यावर लई चिडली. "माजं नाव कशाला काडलंस? त्या दिशी मी त्वांड का फिरवलं व्हतं?" मग बोलायचीच बंद झाली. कॉलेजात कुणी बोलेना, घरात आई बोलेना. वाटलं, झक मारली आणि तोंड उघडलं.

पण माघार घेतली नाही. यंदा दुसरं कार्यालय धरलं. बायांबरोबर टेम्पोत बसून गेले, अंगणात त्यांच्या शेजारी बसले, आधी त्यांनाच विचारलं. आई तोंड फिरवून घासत होती. शेवटी तिच्यापुढं जाऊन बसले.

"आई, तुझ्या चौकोनात काय लिहू?"

तिनं हातातलं ताट विसळून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "लिव की. हाक मारली की येती."

मी लिहिलं. त्याच्या खाली लिहिलं, नाही म्हणते.

"ते काय लिवलंस?" मी वाचून दाखवलं. आई माझ्याकडं बघतच राहिली. "मी कवा न्हाय म्हटलं कुनाला?"

"अजून नाही म्हटलंस. जागा ठेवलीय."

आईनं पातेलं ओढलं आणि घासायला लागली.

परीक्षेला परत तेच सर असतील. खोड म्हणतील. मी ती ओळ खोडणार नाही. डिग्री गेली तरी नाही.