मेलेल्या मशीनचा रिप्लाय

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी चहा घ्यायला उठतो. भीती नाही, कंटाळा येतो... मी सांगलीचा, कॉम्प्युटरचं नेटवर्क टाकायचं आणि दुरुस्तीचं काम करायचो. तार जोडली की चालू, काढली की बंद — यापलीकडे माझा कशावर विश्वास नव्हता. तरी हे लिहितोय, कारण तो वास अजून नाकातून जात नाही.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल. कराडजवळ, मलकापूरच्या पुढे एक दूध संघ होता, नाव लिहीत नाही. दसरा झाल्यावर त्यांचा फोन आला. दूध उतरवतात त्या धक्क्यावरच्या कॉम्प्युटरवर नोंदी होत नव्हत्या, दूधवाले बोंबलत होते. मॅनेजरसाहेबांनी तिथल्या ऑपरेटर शोभाताईंना दोषी ठरवूनही टाकलं होतं. नवऱ्याच्या जागी लागलेली बाई, पदरात दोन पोरं. मी पोहोचलो त्याच दुपारी तिला घरी बसवणार होते.

"मशीन चालूच हाय की," साहेब तंबाखू मळत म्हणाले. "हिलाच काम नको." आणि सर्व्हरच्या खोलीतच कोपऱ्यात थुंकले.

मी सर्व्हरवरून धक्क्याच्या मशीनला पिंग लावलं. पिंग म्हणजे एका कॉम्प्युटरने दुसऱ्याला 'आहेस का?' असं विचारत राहायचं. समोरचा जिवंत असेल तर रिप्लाय येतो, नसेल तर 'टाइम्ड आउट'. इथे रिप्लाय धडाधड येत होते. इव्हेंट लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हर स्वतःच ठेवतो त्या नोंदवहीतही बिघाडाचं नाव नाही.

पिंग तसंच चालू ठेवून धक्क्यावर गेलो. शोभाताई पदर नाकाला लावून उभ्या होत्या. मशीनचं झाकण काढलं आणि... शी! आत दही झालेलं. पिवळं, बुळबुळीत, त्यात हळदकुंकवाचा लगदा आणि वळवळणाऱ्या अळ्या. खंडेनवमीला तिथे प्रत्येक यंत्राला दुधाचा अभिषेक करायची पद्धत होती. वजनकाटा, कॅन धुवायचं मशीन — सगळं स्टीलचं, धुऊन निघतं. कॉम्प्युटरची ती पहिलीच खंडेनवमी. कुणीतरी वरून तांब्याभर दूध ओतलेलं. मदरबोर्ड पार कामातून गेला होता.

प्लग काढला, तार काढली. ती तार ज्यात खोचतात ते नेटवर्क कार्ड उपसून, फडक्यात गुंडाळून सर्व्हरपाशी नेलं. शोभाताईंनाही बरोबर घेतलं. सगळ्या मशीनच्या तारा येतात त्या हबवर त्या तारेचा दिवा विझलेला होता. स्क्रीनवर मात्र रिप्लाय... रिप्लाय... रिप्लाय...

वाटलं, दुसऱ्या मशीनला चुकून तोच पत्ता दिला असेल. बाकीची मशीनं बंद केली, तरी तेच. प्रत्येक कार्डाला कारखान्यातूनच वेगळा नंबर मिळालेला असतो. उत्तर देणाऱ्या कार्डाचा नंबर स्क्रीनवर काढला. माझ्या हातातल्या चिकट कार्डावर तोच छापलेला होता. आणि नासक्या दुधाचा वास आता सर्व्हरच्या पंख्यातून येत होता, गरम, थेट तोंडावर.

"स्क्रीन चालू म्हणतीय, म्हंजे चालूच," साहेब नाकावरच्या रुमालाआडून म्हणाले. फडक्यावरची अळी डोळ्यांनी बघूनसुद्धा. त्या अळीची आली नसेल एवढी किळस मला त्या माणसाची आली.

शोभाताईंनी हळूच विचारलं, "आवं दादा, ह्ये मगाधरनं काय चाललंय?"

"आहेस का, म्हणून त्या मशीनला विचारतोय."

"मशीनला इतक्यांदा इचारलंसा. मला एकदा तरी कुणी इचारलं का?"

मी म्हटलं, "सांगा ताई, काय झालं?"

"दूध सायबांनीच वतलं. मी नको म्हनलं हुतं. बोललीस तर घरी बसवीन म्हनले."

रिप्लाय थांबले. टाइम्ड आउट... टाइम्ड आउट... मी काही दाबलं नव्हतं, कशाला हात लावला नव्हता. साहेब बाहेर पळाले आणि दारातच ओकले. शोभाताईंना काढायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

नंतर मी पुष्कळ जाणकारांना विचारलं. जो तो आपापलं डोकं चालवतो, पण फडक्यातलं कार्ड उत्तर कसं देत होतं, ते कुणालाच सांगता येत नाही. मलाही नाही.

भुताच्या गोष्टी निघाल्या की मी अजूनही चहा घ्यायला उठतो. फक्त आता कोरा घेतो.