पायाकडचा दगड

तिसऱ्या वळणावरच्या ओंडक्यावर झेल्फियाआत्या बसल्या, त्या उठायचं नावच घेईनात. व्हर्नाने खराटा आणि फावडं खाली ठेवलं आणि तीही शेजारी टेकली. मेणात बुडवलेल्या कागदी फुलांची टोपली मात्र आत्यांच्या मांडीवरच होती. हिवाळाभर शेकोटीपाशी बसून केलेली फुलं त्या कुणाच्या हाती देत नसत.

"दमलात का आत्या? ह्यांना ट्रॅक्टर घेऊन खाली बोलावू?"

"ट्रॅक्टरवरून एकदाच जायचंय मला, तेही आडवी. आज चालू दे."

आत्यांचं वय एकशे एक. व्हर्नाच्या नवऱ्याच्या, आर्व्हिलच्या, त्या सख्ख्या आत्या. मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी स्टॅम्पर घराण्यातलं झाडून सगळं माणूस डोंगरमाथ्यावरच्या कबरस्तानात जमायचं. कबरींवरचं गवत खरवडायचं, माती वर ओढायची, फुलं ठेवायची आणि मग तिथेच चादरी पसरून जेवायचं. केंटकीच्या या खोऱ्यात नाताळ एखादवेळी चुकला तरी चालतो, पण हा रविवार चुकवून चालत नाही.

एरवी व्हर्नाने घाई केली असती. आज तिला वाटत होतं, वाट जितकी लांबेल तितकं बरं. माथ्यावर काय वाढून ठेवलंय ते तिला ठाऊक होतं, आणि आर्व्हिलने तिला तोंड बंद ठेवायची शपथ घातली होती. एल्झीमामांच्या, म्हणजे आत्यांच्या नवऱ्याच्या, कबरीवरचा जुना दगड त्याने शुक्रवारीच उपटून काढला होता. त्या जागी काळा, गुळगुळीत, नवा दगड बसवला होता. म्हातारीला आनंदाचा धक्का द्यायचा म्हणे!

जुन्या दगडाची गोष्ट खोऱ्यात सगळ्यांना माहीत होती. एकोणीसशे त्रेपन्न साली खाणीचं छत कोसळलं आणि एल्झीमामा गेले. मुलाने, डिलर्डने, ओढ्यातला दगड वर आणला आणि बापाच्याच छिन्नीने तो कोरला. आत्या म्हणाल्या, "माझंही नाव घाल त्यात. मी काही फार मागे राहत नाही." पोराने आईचं नाव घातलं, जन्मसाल १८९९ घातलं, पुढे १९ कोरलं आणि उरलेल्या दोन आकड्यांची जागा मोकळी सोडली. तो काळच तसा होता. दोन हजार साल कोण बघणार होतं? पुढच्या वसंतात डिलर्ड मोटारींच्या कारखान्यात कामाला डेट्रॉइटला गेला. तिकडेच म्हातारा झाला, तिकडेच गेला, आणि बायकोच्या माणसांनी त्याला तिकडेच पुरलं.

आत्या मात्र राहिल्या. ओंडक्यावरून उठून त्या पुन्हा काठी टेकत निघाल्या, तशी त्यांची जीभही चालू लागली.

"ही वाट नव्हतीच तेव्हा. ओढ्याच्या पात्रातून चालत यायचो. मग आगगाडी आली, सगळं लाकूड घेऊन गेली. मग कोळसा नेला. शेवटी पोरं नेली."

"आणि तापाच्या साथीत तुम्ही मुडदे धुतलेत म्हणे."

"मला आधी येऊन गेला होता ना तो ताप! बाकीच्यांना भीती होती, मला कसली? एका आठवड्यात मी माझ्या दोन्ही बहिणींना न्हाऊ घातलं." वाटेत आलेली फांदी त्यांनी काठीने बाजूला सारली. "बल्ब आला तेव्हा एल्झी रात्रभर त्याच्याकडे बघत बसला. मी म्हटलं, झोप आता, तो काही उडून जात नाही. आणि चंद्रावर माणूस उतरला, तेव्हा मला पहिलं काय दिसलं सांगू? तिथं गवत नाही. म्हणजे कबरी साफ करायची कटकट नाही."

व्हर्ना हसली. मनात मात्र म्हणाली, देवा, हिला सांभाळ.

दोघी वर पोचल्या तेव्हा सगळे आधीच कबरीभोवती जमले होते. आर्व्हिलने मोठ्या झोकात दगडावरची चादर ओढली.

आत्यांनी वाकून पाहिलं. "आरसाच लावलास की रे. माझं तोंड दिसतंय."

"आवडला का, आत्या?"

त्यांनी बोटाने अक्षरं चाचपली. "१८९९. पुढे २०." मग त्या खदखदा हसल्या. "अरे गाढवा, एकदा फसलो आपण, तरी पुढचे आकडे आधीच कोरलेस? आणि आणखी शंभर वर्षं राहिले तर?"

सगळ्यांना हसू फुटलं. ते ओसरायच्या आत आत्यांनी विचारलं, "डिलर्डचा दगड कुठाय?"

आर्व्हिलने मान खाजवली. "कुंपणापाशी आहे. ओढ्याचा बांध ढासळलाय, तिथं टाकावा म्हटलं."

आत्या कुंपणाकडे गेल्या. दगड पालथा पडला होता. "उलटा कर," त्या म्हणाल्या. आर्व्हिलने पहार घालून तो उताणा केला. आत्यांनी मातीने भरलेल्या नऊच्या पोटात बोट फिरवलं. डिलर्डचा नऊ शाळेपासूनच पोट सुटलेला.

"मला वाटलं तुला लाज वाटत असेल," आर्व्हिल पुटपुटला. "दरवर्षी सगळे त्या एकोणीसला हसतात."

"हसू देत की. हसलं की कुणीतरी विचारतं, हे कुणी कोरलं? म्हणजे वर्षातून एकदा तरी माझ्या पोराचं नाव निघतं इथं. त्याची कबर आहे का इथं?"

आर्व्हिलचा चेहरा पडला. "आजच परत बसवतो, आत्या. हा काढून टाकतो."

"नको. हौसेनं आणलायस, राहू दे. पण बांधावर काही जायचं नाही तो."

मग सगळे कामाला लागले. आत्यांनी बहिणींच्या कबरींवर आपल्या हाताने फुलं ठेवली. घेवडा, मक्याचा पाव, कोंबडी, सफरचंदाचा थरांचा केक, असं जेवण झालं. केकचा दुसरा तुकडाही आत्यांनी मागून घेतला. उन्हं कलली तशी त्यांनी व्हर्नाला खुणेने बोलावलं.

"तुला माहीत होतं ना? ओंडक्यापासून तुझं तोंड उतरलेलं होतं."

"होतं, आत्या."

"मग आता हे काम तुझ्याकडे. आर्व्हिल विसरेल." त्यांनी नवऱ्याशेजारच्या मोकळ्या जागेवर काठी टेकवली. "आपल्याकडे पाय पूर्वेला करून पुरतात. शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल, मेलेले सगळे उठतील, मीही उठून बसेन, तेव्हा हा तुमचा आरसा माझ्या पाठीमागे असेल. डिलर्डचा दगड माझ्या पायाशी लाव, अक्षरं माझ्याकडे करून. डोळे उघडले की पहिल्यांदा तोच दिसला पाहिजे. आणि हे बघ, त्या एकोणीसपुढे कुणाला काही कोरू देऊ नकोस."